ध्वनिमुद्रिकांचे पुनर्विक्रीमूल्य

ध्वनिमुद्रिकांचे पुनर्विक्रीमूल्य : एकदा विकल्या गेलेल्या ग्रामोफोन ध्वनिमुद्रिका (तबकड्या) संग्राहकांमध्ये पुन्हा विकल्या जाताना त्यांना येणारी किंमत. ध्वनिमुद्रिका ही मुळात चित्र किंवा शिल्प यांप्रमाणे एकमेव वस्तू नव्हे. ती कारखान्यात हजारोंच्या संख्येने छापली जाणारी व सर्वसामान्य ग्राहकासाठी असलेली वस्तू होय. १९८० नंतर ध्वनिफिती व त्यापाठोपाठ सीडी आल्यावर अशा असंख्य ध्वनिमुद्रिका घराबाहेर पडल्या आणि रद्दीच्या भावाने विकल्या गेल्या. एकविसाव्या शतकात मात्र त्यांतील काहींना मूळ किमतीच्या अनेक पट किंमत येऊ लागली. वस्तू जुनी झाली म्हणून तिची किंमत वाढली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. वस्तूच्या चांगल्या स्थितीतील किती प्रती उरल्या आणि त्या हव्या असणारे किती जण आहेत, या दोन संख्यांच्या प्रमाणावर ही किंमत अवलंबून असते. जी वस्तू एकेकाळी सर्वत्र मिळत असे, ती जपून ठेवण्याची गरज कोणालाच वाटत नाही. त्यामुळे पूर्वीची विपुलता हीच पुढील दुर्मिळतेचे कारण ठरते.

प्रकार व उत्पादन : सपाट तबकडीवर ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये शोधून काढली. भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणास नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्ता येथे फ्रेड गाइसबर्ग यांच्या दौऱ्याने प्रारंभ झाला. गौहरजान यांचे गायन याच दौऱ्यात ध्वनिमुद्रित झाले. आरंभी या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून भारतात आणल्या जात. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदा येथे तबकड्यांचा कारखाना निघाला व १९२८ मध्ये तो डमडम येथील नव्या जागेत गेला. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या मुद्रेच्या बहुसंख्य भारतीय तबकड्या तेथे तयार झाल्या. ओडियन, कोलंबिया इ. अन्य मुद्राही प्रचारात होत्या. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात ‘यंग इंडिया’ या देशी मुद्रेखाली तबकड्या काढल्या.

मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाख, दगडाची पूड, काजळी व तंतू यांच्या मिश्रणाची असे. ती कठीण पण ठिसूळ असून हातातून पडल्यास फुटे. २५ सेंमी. व्यासाच्या तबकडीच्या एका बाजूवर सु. तीन मिनिटांचे गायन मावत असे. अमेरिकेत १९४८ मध्ये मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी दीर्घवादन ध्वनिमुद्रिका (एल. पी.) व १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची लहान ध्वनिमुद्रिका प्रचारात आली. या व्हिनाइल या प्लॅस्टिकच्या असत. त्या सहसा फुटत नाहीत, त्यांवरील खाचा अधिक बारीक असतात आणि दीर्घवादन ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक काळाचे ध्वनिमुद्रण मावते. भारतात लाखेच्या तबकड्यांचे उत्पादन १९७० च्या सुमारापर्यंत चालू राहिले. ज्या खेड्यांत वीज पोहोचली नव्हती तेथे किल्ली देऊन चालणारा ग्रामोफोनच वापरात होता, हे याचे एक प्रमुख कारण होय. व्हिनाइल ध्वनिमुद्रिकांचे भारतातील नियमित उत्पादन १९९० नंतरच्या काही वर्षांत थांबले.

विपुलतेकडून दुर्मिळतेकडे : कोणत्याही ध्वनिमुद्रिकेच्या प्रतींची संख्या उत्पादन थांबताच निश्चित होते आणि त्यानंतर ती केवळ घटत जाते. समजा, एका ध्वनिमुद्रिकेच्या १०,००० प्रती विकल्या गेल्या आणि दर दहा वर्षांनी उरलेल्यांपैकी निम्म्या नाहीशा झाल्या, तर पन्नास वर्षांनी सु. ३१२ प्रती उरतील. त्यांपैकी दहांतील एकच प्रत ऐकण्याजोग्या उत्तम स्थितीत आहे असे मानल्यास चांगल्या प्रती केवळ ३१ होतील. त्या ३१ प्रतींसाठी वीस इच्छुक असतील, तर किंमत किरकोळच राहील; साठ इच्छुक झाले, तर ती झपाट्याने चढेल. या उदाहरणातील आकडे गृहीत धरलेले असले, तरी वास्तवातील प्रक्रिया हीच आहे. इच्छुकांच्या संख्येतील लहानशा वाढीने किंमत एकदम उसळते, याचे कारण उत्पादन वाढवून तीच वस्तू पुरविणे कोणालाही शक्य नसते.

प्रती नाहीशा होण्याची कारणे अनेक आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाखेच्या टंचाईमुळे अनेक देशांत जुन्या तबकड्या गोळा करून वितळविण्यात आल्या. लोकप्रिय तबकड्या बोथट सुईने पुन्हापुन्हा वाजविल्याने झिजल्या. घर बदलताना किंवा वाटण्या होताना जड गठ्ठे टाकून दिले गेले. ओल, बुरशी, धूळ व उष्णता यांनीही मोठी हानी केली. यांतून असा विपर्यास घडतो, की जी तबकडी सर्वांत जास्त आवडली ती सर्वांत जास्त वाजविली गेली आणि म्हणून तिच्या निर्दोष प्रती सर्वांत कमी उरल्या. याउलट, कोणी न ऐकलेल्या तबकड्या नव्यासारख्या उरतात. पण पुष्कळदा त्यांना गिऱ्हाईक नसते.

विस्मृतीत गेलेली प्रत किती मोलाची ठरू शकते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या ध्वनिमुद्रिकेचे आहे. १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या दोन व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीसाठी केसरबाईंची भैरवी निवडण्यात आली. परंतु ती ध्वनिमुद्रिका तेव्हा बाजारात उपलब्ध नव्हती. बऱ्याच शोधानंतर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत् उपकरणांच्या दुकानात, एका मेजाखाली ठेवलेल्या खोक्यात, तिच्या तीन प्रती मिळाल्या. दुकानदाराच्या दृष्टीने तो न खपलेला माल होता.

किंमत ठरविणारे घटक : (१) स्थिती : हा सर्वांत निर्णायक घटक होय. ‘गोल्डमाइन’ या अमेरिकन नियतकालिकाने रूढ केलेली प्रतवारी जगभर वापरली जाते. तीत न वाजविलेल्या निर्दोष प्रतीपासून फुटक्या किंवा वाकलेल्या प्रतीपर्यंत पायऱ्या कल्पिलेल्या असून तबकडी व वेष्टन यांची प्रत स्वतंत्रपणे सांगितली जाते. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या उत्तम व सामान्य प्रतींच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर पडते. (२) मुद्रणावृत्ती : पहिल्या वेळी छापलेल्या प्रतीस नंतरच्या छपाईपेक्षा अधिक मागणी असते. ती ओळखण्यासाठी लेबलचा रंग, त्यावरील मजकूर आणि खाचा संपल्यावर मध्यभागी कोरलेले मातृका क्रमांक तपासतात. (३) वेष्टन : दीर्घवादन ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन मोठे असल्याने त्यावरील चित्र, कलावंताचे छायाचित्र व माहितीचा मजकूर यांना स्वतंत्र महत्त्व आले. गीतरामायणासारख्या अनेक ध्वनिमुद्रिकांच्या संचात एक तबकडी किंवा पेटी नसेल, तर संपूर्ण संचाची किंमत उतरते. (४) अन्यत्र अनुपलब्धता : जे ध्वनिमुद्रण पुढे ध्वनिफीत, सीडी वा संगणकीय स्वरूपात आलेच नाही, त्यासाठी जाणकार अधिक किंमत देतात. (५) पूर्वस्वामित्व : प्रत कोणाच्या संग्रहातील आहे, यावरूनही किंमत बदलते. बीटल्स या ब्रिटिश वृंदाच्या १९६८ मधील ‘व्हाइट अल्बम’च्या लक्षावधी प्रती खपल्या. तिच्या आरंभीच्या प्रतींवर अनुक्रमांक छापले होते. त्यांपैकी वादक रिंगो स्टार यांच्याकडील पहिल्या क्रमांकाची प्रत डिसेंबर २०१५ मध्ये ७,९०,००० डॉलरना विकली गेली. ध्वनी सर्व प्रतींत तोच होता. किंमत त्या एका प्रतीच्या इतिहासाची होती.

भारतात छापलेल्या बीटल्सच्या तबकड्यांनाही परदेशात मोठी मागणी आहे. १९६० नंतर ब्रिटनमध्ये ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बंद पडल्या असताना डमडमच्या कारखान्यात याच वृंदाची गाणी लाखेच्या तबकड्यांवर निघत होती. येथील ग्राहकाच्या साध्या सोयीसाठी काढलेला माल अशा रीतीने पुढे जागतिक दुर्मिळता ठरला.

मागणीची वाढ : अमेरिकेत २०२२ मध्ये सु. ४ कोटी १० लक्ष व्हिनाइल ध्वनिमुद्रिका विकल्या गेल्या. सीडींची विक्री सु. ३ कोटी ३० लक्ष होती. १९८७ नंतर प्रथमच ध्वनिमुद्रिकांनी सीडींना संख्येने मागे टाकले. २००८ पासून दरवर्षी साजरा होणारा ‘रेकॉर्ड स्टोअर डे’, नव्या पिढीस वाटणारे हाताळण्याजोग्या वस्तूचे आकर्षण आणि आंतरजालामुळे जोडला गेलेला जुना बाजार ही या वाढीची प्रमुख कारणे होत. २००० मध्ये स्थापन झालेल्या डिस्कॉग्ज या सूचिस्थळामुळे एखाद्या ध्वनिमुद्रिकेच्या पूर्वी झालेल्या विक्रीच्या किमती कोणासही पाहता येऊ लागल्या. पूर्वी मुंबईच्या चोरबाजारातील किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातील विक्रेता व गिऱ्हाईक यांच्यातील घासाघिशीत ठरणारी किंमत आता दूरदेशीच्या व्यवहारांवरून ठरू लागली. भारतातही जुनी लोकप्रिय ध्वनिमुद्रणे व्हिनाइलवर पुन्हा काढली जात असून २०२४ मध्ये नवी मुंबई येथे ध्वनिमुद्रिका छापण्याचा नवा कारखाना सुरू झाला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष आलेली किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत. वृत्तपत्रांत गाजणारे आकडे असाधारण व्यवहारांचे असतात. लोकप्रिय हिंदी चित्रपटांच्या किंवा भक्तिगीतांच्या ज्या ध्वनिमुद्रिका फार मोठ्या संख्येने छापल्या गेल्या, त्यांच्या खरचटलेल्या प्रती आजही अल्प किमतीत मिळतात. घरातील प्रत्येक जुनी तबकडी म्हणजे ठेवा, अशी समजूत त्यामुळे वस्तुस्थितीस धरून नाही.

अहमदनगर जिल्हा : अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) ध्वनिमुद्रिकांच्या या इतिहासाच्या दोन्ही बाजू दिसतात. पहिली बाजू सार्वत्रिक वापराची. प्रवरा व गोदावरी कालव्यांच्या बागायती पट्ट्यातील मोठी गावे असोत वा पाथर्डी–शेवगावचा कोरडवाहू भाग असो, लग्नसराईत, गणेशोत्सवात व गावोगावच्या जत्रांत ध्वनिवर्धक भाड्याने देणाऱ्यांबरोबर तबकड्यांची पेटी ठरलेली असे. मराठी चित्रपटगीते, भक्तिगीते, पोवाडे व लावण्या ग्रामीण श्रोत्यांपर्यंत पोहोचविण्यात या पेट्यांचा मोठा वाटा होता. शाहू मोडक (१९१८–९३) हे अहमदनगरचे. त्यांनी नायकाची भूमिका केलेल्या प्रभात कंपनीच्या ‘माणूस’ (१९३९) व नेवाशाशी ज्यांचे नाते सर्वश्रुत आहे त्या ज्ञानेश्वरांवरील ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) या चित्रपटांतील गीते तबकड्यांवरून लोकप्रिय झाली. अशा रीतीने धूळ-उन्हात शेकडो वेळा वाजलेल्या तबकड्या टिकणे कठीण होते. अकोले तालुक्याचा पश्चिम डोंगराळ भाग वगळता जिल्हा पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे कोकणाच्या मानाने येथे बुरशीचा उपद्रव कमी; परंतु धुळीने खाचा झिजणे आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली व्हिनाइल वाकणे हे धोके अधिक.

दुसरी बाजू आरंभापासून मोजक्या असलेल्या ध्वनिमुद्रिकांची. अहमदनगरजवळील मेहेराबाद (अरणगाव) हे मेहेरबाबा (१८९४–१९६९) यांचे समाधिस्थान असून ३१ जानेवारीच्या अमरतिथीस तेथे देशोदेशींचे अनुयायी जमतात. ‘द हू’ या ब्रिटिश रॉक वृंदाचे गिटारवादक व गीतकार पीट टाउनशेंड हे त्यांपैकी एक. वृंदाच्या १९७१ मधील ‘बाबा ओ’रायली’ या गाजलेल्या गीताच्या नावातील ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा होत. टाउनशेंड यांनी सहकाऱ्यांसह मेहेरबाबांप्रीत्यर्थ ‘हॅपी बर्थडे’ (१९७०), ‘आय ॲम’ (१९७२) व ‘विथ लव्ह’ (१९७६) या ध्वनिमुद्रिका खाजगी रीत्या, मुख्यतः अनुयायांसाठी, मर्यादित संख्येने काढल्या. वृंदाच्या कीर्तीमुळे त्यांना बाहेरही मागणी येऊन अनधिकृत प्रती निघू लागल्या. या परिस्थितीत १९७२ मध्ये ‘हू केम फर्स्ट’ ही ध्वनिमुद्रिका सर्वांसाठी रीतसर प्रकाशित झाली. पुढे २००० नंतर मूळ ध्वनिमुद्रणे सीडीच्या रूपातही आली. तथापि पहिल्या खाजगी प्रतींची मागणी ओसरली नाही. म्हणजे संगीत उपलब्ध झाल्याने वस्तूची ओढ संपते असे नाही. ज्यांच्या स्मरणार्थ या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळले होते, हेही येथे नोंदविण्याजोगे आहे.

या दोन बाजूंची तुलना उद्‌बोधक ठरते. टाउनशेंड यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या प्रती थोड्या असूनही त्यांची सूची, छायाचित्रे व मुद्रणावृत्तींचे तपशील जगभरच्या संग्राहकांनी नोंदवून ठेवले आहेत. जत्रांतील पेटीतल्या तबकड्यांच्या प्रती कितीतरी अधिक होत्या. पण त्यांची अशी तपशीलवार नोंद झाली नाही. पवळा हिवरगावकर यांच्यामुळे तमाशाच्या इतिहासात संगमनेर तालुक्याचे नाव कोरले गेले. तमाशातील लावण्या, बतावण्या व शाहिरी गीते यांच्या ज्या तबकड्या निघाल्या, त्यांना जागतिक बाजारात विशेष गिऱ्हाईक नाही. म्हणून त्या शोधण्याची धडपडही कमी आणि त्या फुटण्याचा संभव अधिक.

बाजारभाव व जतन : पुनर्विक्रीमूल्याच्या वाढीचे परिणाम दुहेरी आहेत. किंमत येते हे कळल्यावर लोक जुन्या तबकड्या टाकून देत नाहीत, भंगारवालेही त्या बाजूला काढतात, आणि अन्यथा नष्ट झाल्या असत्या अशा प्रती वाचतात. उलट पक्षी, सुटे विकल्यास अधिक पैसा मिळतो म्हणून एखाद्या गायकाचे किंवा रसिकाचे आयुष्यभराचे संग्रह विस्कळित होतात. अभ्यासक व सार्वजनिक संस्था यांना चढ्या किमती परवडत नाहीत. आणि परदेशी गेलेली प्रत येथील अभ्यासकास पारखी होते. शिवाय संग्राहकाच्या मालकीची होते ती केवळ वस्तू. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्या मुदतीत मालकाच्या संमतीवाचून पुनःप्रकाशन करता येत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे काम प्रामुख्याने संग्राहकांनीच केले आहे. १९९० मध्ये मुंबई येथे ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. सभासदांनी आपापल्या संग्रहातील तबकड्या एकत्र ऐकणे, त्यांच्या सूच्या तयार करणे व ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून माहिती प्रसिद्ध करणे, असे तिचे कार्य आहे. कलावंताचे नाव, राग किंवा नाटक, मुद्रा, क्रमांक व ध्वनिमुद्रणाचा काळ एवढी नोंद असली, तरी एखादी प्रत हरवल्यावर काय हरवले हे कळू शकते. नोंद नसेल, तर हानी झाल्याचेही कळत नाही.

घरगुती संग्रह जतन करण्यासाठी तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात. प्रत्येकीस स्वच्छ कागदी वा प्लॅस्टिक पिशवी असावी. ऊन व ओल टाळावी. खाचांना बोट लावू नये व झिजलेली सुई वापरू नये. लाखेच्या तबकडीस मद्यार्क लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. वेष्टनावर चिकटपट्टी लावणे किंवा लेबलवर नाव लिहिणे हेही टाळावे. विक्री करावयाची असल्यास आधी संपूर्ण संग्रहाची यादी करून ठेवणे श्रेयस्कर असते.

संग्राहकांच्या बाजारात बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर यांसारख्या श्रेष्ठ गायकांच्या जुन्या तबकड्यांना, तसेच मर्यादित संख्येने निघालेल्या परदेशी ध्वनिमुद्रिकांना भाव येतो. किंमत नसलेल्या तबकड्यांचे—अल्पख्यात शाहीर, तमाशा कलावंत, कीर्तनकार व हौशी गायक यांच्या आवाजांचे—रक्षण बाजार करीत नाही. ज्या दिवशी त्यांना मागणी येईल, त्या दिवशी प्रती शिल्लक असतील, याची शाश्वती देता येत नाही. म्हणून जिल्हा ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये व महाविद्यालये यांनी बाजारभावाची वाट न पाहता अशा तबकड्यांची नोंद व जतन हाती घेणे अगत्याचे आहे. आज त्या अल्पमोलात मिळतात, हीच त्यासाठी अनुकूल गोष्ट होय. [→ ग्रामोफोन, ध्वनिमुद्रण].